पट्टी कोण सोडतं?

बाय,

चवथीला घरी आलीस, नेवऱ्या खाल्ल्यास आणि निघताना चपला घालता घालता एक वाक्य टाकून गेलीस. "सर, ऑपरेशन आपण करायचं, पुढचं फिजिओवाले बघतातच ना?" घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसलो. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलोय.

तुझा पेच कळतो. सांधेरोपणाची फेलोशिप पुढ्यात आहे, बाबांच्या डोक्यावर कर्ज आहे, आणि हाताच्या सर्जरीत गुडघ्याइतका पैसा नाही. नाहीच. हे मी तीस वर्षं बायकोकडून ऐकतोय, त्यावर तुझ्याशी वाद घालत नाही. मग या कामात मिळतं काय, असं तू विचारशील.

मालीमच्या मासेमारी जेटीवरचा एक खलाशी. ट्रॉलरच्या विंचच्या, म्हणजे जाळं ओढायच्या चक्राच्या, दोरात अंगठा तुटला. बोटीचा तांडेल शहाणा निघाला. त्याने अंगठा ओल्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत घालून तोंड बांधलं आणि मग ती पिशवी बांगडे माशांच्या बर्फात खुपसली. नुसताच बर्फात टाकला असता तर गोठून वाया गेला असता. रात्री अकराला अंगठा परत जोडायला सुरुवात केली. रोहिणी, म्हणजे रक्त आणणारी वाहिनी, जेमतेम मिलिमीटरभर, दोराने दोन्ही टोकं ओरबाडलेली, म्हणून त्याच्याच हाताची एक शीर काढून मध्ये जोडली. धागा केसाच्या निम्म्याहून बारीक. मायक्रोस्कोपखाली स्वतःच्या श्वासाचीही अडचण होते. रक्त अडवणारा क्लॅम्प काढला तेव्हा पाच वाजायला आले होते. अंगठा पांढराफटक. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग नखाखाली रंग चढला, आधी मळकट, मग हळूहळू गुलाबी. थिएटरभर बांगड्यांचा वास होता.

पण ही गोष्ट कोणीही सर्जन सांगेल. इथवर पेढे मिळतात. मला जे मिळालं ते सात महिन्यांनी. कापलेली नर्व्ह, म्हणजे चेतातंतू, दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तिला घाई करता येत नाही. सात महिन्यांनी तो गडी ओपीडीबाहेर बिडी पेटवताना दिसला. मी तिथेच त्याला झापला, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जोडलेल्या बोटाला ते विषच. झापून झाल्यावर ध्यानात आलं, काडी त्याने त्याच अंगठ्यात धरून ओढली होती.

त्या सात महिन्यांतली त्याची प्रत्येक पट्टी मी सोडली होती. बाय, पट्टी आपण सोडायची.

तू वाचलंच असशील, बोटाच्या मुळाशी जिथे दोन टेंडन, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारे दोर, एकाच अरुंद बोगद्यातून जातात, त्या भागाला अमेरिकन हस्तसर्जन बनेल 'नो मॅन्स लँड' म्हणत. तिथे कापलेलं टेंडन लगेच शिवूच नका, असा त्या काळचा दंडक होता, कारण शिवलेलं हमखास चिकटायचं. 1967 मध्ये अमेरिकेतल्याच सर्जन क्लाइनर्टनी नेमकं तिथेच लगेच शिवलेल्या टेंडनचे निकाल मांडले. टाके नीट घातलेच, पण नखाला रबर बँड लावून बोट पहिल्याच दिवसांत हलवायला घेतलं. रबर बँड! वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँडनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांसाठी टेंडनची जागा बदलली, तिथेही त्या स्नायूंना नवं काम शिकवावं लागलं आणि रुग्णांना हातांनी करायचे उद्योगही. हे सगळं "पुढचं" आहे, तुझ्या भाषेत.

आता माझं ऐक. 1998. बाजारात मासे कापून देणारी एक बाई, सुरमई कापताना हात आदोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर गेला. अनामिका आणि करंगळी, नेमकी तीच जागा. इतकी सुबक शिवण मी पुन्हा घातली नसेल. तिसऱ्या दिवशी मी परिषदेला गेलो, तिथून सुट्टी जोडून पुढे. वॉर्डात सांगून गेलो होतो, पण लिहून दिलं नव्हतं. परतलो तेव्हा तिच्या हाताला पाच आठवडे झाले होते आणि प्लास्टर तसंच होतं. पट्टी कोणी सोडलीच नव्हती. दोन्ही बोटं अर्धवट वाकून लाकूड झालेली. ती मात्र मलाच धीर देत होती, "हात बरो जालो दोतोर, फकत मूठ वळना." पुढे टेंडन मोकळं करण्याचं दुसरं ऑपरेशन सुचवलं. ती आली नाही. का यावं?

कनिष्ठांवर खापर फोडणं सोपं होतं, आणि तेव्हा मी फोडलंही. चूक माझी होती.

त्यानंतर पट्टी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. यावरून लोक हसले. विभागप्रमुखपद हुकलं, कारण मीटिंगच्या वेळी मी बोटांना आधार देणाऱ्या स्प्लिंटचे पट्टे कापत बसलेला असे. मुलीच्या नाटकाचा प्रयोगही हुकला, तो विषय घरात अजून निघतो. हट्टी म्हणतात मला. असेन. फिजिओचं काम मी कमी लेखत नाही, उलट ती मुलं माझ्यापेक्षा जास्त वेळ तो हात धरून बसतात. पण टेंडन किती घट्ट शिवलंय, किती ओढ सोसेल, हे शिवणाऱ्यालाच ठाऊक असतं. ते त्यांच्याशेजारी उभं राहून सांगावं लागतं, चिठ्ठीवर खरडून भागत नाही. गुडघा केलास तरी हेच, पण गुडघा थोडंफार माफ करतो. हात करत नाही.

तुला यात पड असं मी म्हणत नाही. (म्हणतोच आहे, पण तू ते मनावर घेऊ नकोस.)

गुरुवारी ओपीडीत ये. कारखान्यात प्रेसखाली हात सापडलेला एक मुलगा आहे, तिसरा आठवडा चालू आहे. मधलं बोट हलेल की नाही, माझं मलाही सांगता येत नाही. पट्टी तू सोड, मी शेजारी उभा राहतो. नऊला ये. साडेनऊला नको.

तुझा,
सर