हातात किती पडणार?

कंपन्यांमध्ये एचआरचे बदल राबवताना येणाऱ्या अडचणींविषयी वाचकांनी विचारलेले चार प्रश्न या वेळी घेतो आहे.

प्रश्न : चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी एचआर मॅनेजर आहे. नव्या कामगार संहितांप्रमाणे आम्ही पगाराची रचना बदलतो आहोत. टाउनहॉल घेतला, स्लाइड्स दाखवल्या, तरी कामगारांचं एकच, ‘कंपनी पगार कापतेय.’ त्यांना कसं समजवायचं?

ते पूर्ण चूक बोलत नाहीयेत, म्हणून समजावणं जड जातंय. ढोबळ आकडे घेऊ. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, ३०,००० रुपये. त्यात बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १२,०००, बाकी इतर भत्ते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितांप्रमाणे हे इतर भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. म्हणजे वेतन झालं १५,०००. आतापर्यंत तुम्ही पीएफ फक्त बेसिक-डीएवर कापत असाल, तर तो १,४४० वरून १,८०० होतो. हातात ३६० कमी. आणि सीटीसी (कंपनीचा त्या माणसावरचा एकूण खर्च) तेवढाच ठेवून कंपनीने आपला वाढीव वाटाही त्यातूनच काढला, तर ७२० कमी. ज्यांचा पीएफ आधीपासून १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो, त्यांच्या हातातल्या रकमेला यात धक्का लागत नाही. असे तुमच्याकडे किती आहेत, ते आधी मोजा.

दुसरी बाजूही आहे. दहा वर्षं भरलेल्या त्याच माणसाची ग्रॅच्युइटी साधारण ६९,२०० निघायची, ती ८६,५०० च्या आसपास जाते. पण हे तीनशे माणसांच्या टाउनहॉलमध्ये डोक्यात शिरत नाही. प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचा कागद द्या : डावीकडे जुनी स्लिप, उजवीकडे नवी, खाली पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा फरक. तोही निदान महिनाभर आधी, कारण पतपेढीचा हप्ता पगारातून जाणाऱ्या माणसाला ३६० रुपयांचीही तजवीज करावी लागते.

आणि एक गोष्ट मॅनेजमेंटला स्पष्ट सांगा. ३६० चा फरक कायद्यामुळे पडतो, पुढचे ३६० तुमच्या निर्णयामुळे. दोन्ही ‘सरकारचा नियम’ म्हणून खपवायला जाऊ नका. कामगाराला ते कळतं. नाही कळलं तर युनियनचा कमिटी मेंबर समजावून सांगतो, आणि तो तुमच्या स्लाइड्सपेक्षा बरंच चांगलं समजावतो.

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. पुण्याहून एमबीए करून आल्यावर मी बाबांच्या हाताखाली कारभार बघते. हजेरीचं रजिस्टर बंद करून चेहरा ओळखणारं मशीन आणि अ‍ॅप आणलं. जुने कामगार नाराज आहेत, टाइमकीपर काकांनी तर बोलणंच टाकलंय. बाबा म्हणतात, तुझ्या शहाणपणापायी माणसं जातील.

मशीन निवडलंत ते बरोबर निवडलंत. फाउंड्रीत बोटांचे ठसे झिजलेले असतात; बोटाचं मशीन घेतलं असतं, तर सकाळी गेटवर रांग लागली असती.

पण त्या रजिस्टरमध्ये नुसती हजेरी नव्हती. माळ्यावर टाकलं असेल तर खाली काढा आणि समास वाचा. कोणाची पोरीच्या लग्नाची उचल, कोणाची खताची, किती हप्त्यांत फिटायची. जोतिबाच्या चैत्र यात्रेला कोण दोन दिवस येणार नाही. रात्री उसाला पाणी पाजायची पाळी असली, तर कोण सकाळऐवजी दुसऱ्या शिफ्टला येणार. हा सगळा व्यवहार काका सांभाळत होते आणि मोल्डिंगची कसबी माणसं त्यावर टिकली होती. अ‍ॅपला त्यातलं काही ठाऊक नाही. ते सरळ गैरहजेरी लावतं.

तेव्हा काकांना घेऊन बसा आणि तोंडी चालत आलेले नियम कागदावर उतरवा. शिफ्टची अदलाबदल किती आधी सांगायची, उचल किती, हप्ते किती, मंजुरी कोणाची. काही सल्लागार तुम्हाला सांगतील, उचल ही जुनाट पद्धत आहे, बंद करून टाका. मला ते अजिबात पटत नाही. मालकाकडून उचल मिळेना झाली की माणूस सावकाराच्या नाहीतर मायक्रोफायनान्सच्या दारात जातो, आणि मग वसुलीवाला तुमच्या गेटवर उभा राहतो. उचल ठेवा, फक्त ती मर्जीवरून नियमावर आणा. बाबांसमोर मान खाली घालून उभं राहायला लाजणारेही तुमच्याकडे असतील; त्यांना हे पहिल्यांदाच सोपं होईल.

अ‍ॅपमध्ये हजेरी दुरुस्त करण्याचा अधिकार काकांकडे द्या. बाबांशी वाद नको, त्यांना पहिल्या दोन पगारांचा ओव्हरटाइमचा हिशेब दाखवा.

प्रश्न : हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत माझी आठ जणांची टीम आहे. सगळ्यांनी उत्तम काम केलं, तरी ‘बेल कर्व्हमध्ये बसव’ (म्हणजे थोडे वर, बरेच मधे, थोडे खाली अशा ठरलेल्या वाटणीत) म्हणून एकाला खालची श्रेणी द्यायला सांगतात.

आठ माणसांत तो कर्व्ह बसत नाही, ते गर्दीचं गणित आहे. जॅक वेल्च प्रमुख असताना अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने २०-७०-१० ची (वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के) विभागणी जगभर गाजवली. मायक्रोसॉफ्टने मात्र अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्ये सोडून दिली. तुमच्या एचआरकडे लहान टीम एकत्र करून विभागणी लावण्याची मागणी करा, तीही ईमेलवर. नाही ऐकलं आणि श्रेणी द्यावीच लागली, तर त्या माणसाच्या कामात खोट काढत बसू नका. निर्णय कसा झाला ते त्याला खरं सांगा.

प्रश्न : रांजणगावला सुपरवायझर आहे. कंपनी शिफ्टच्या वेळा बदलतेय, हे मला कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. आता एचआर म्हणतं, ‘तू चेंज चॅम्पियन’, म्हणजे हा बदल कामगारांना मी पटवून द्यायचा. टी-शर्टसुद्धा दिलाय. वरून आणि खालून दोन्हीकडून बोलणी मीच खातो.

टी-शर्ट वापरा, फुकट मिळालाय. पण आधी एचआरला विचारा, नोटीस कधी लागली? स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या कामाच्या अटींच्या नियमावलीत) तरतूद नसताना शिफ्टमध्ये बदल करायचा, तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९-अ मध्ये होतं, आताच्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० मध्ये आहे. म्हणजे वर कोणाला तरी तीन आठवडे आधी सगळं माहीत असायलाच हवं होतं, आणि तुम्हाला त्याच दिवशी सांगायला काहीच हरकत नव्हती.

मी कुठल्याही कंपनीत काम हाती घेतलं, की आधी कॅन्टीनमध्ये सुपरवायझरांच्या टेबलावर जाऊन बसतो. काय बदलणार आहे हे त्यांना एका दमात सांगता आलं नाही, तर एमडींच्या केबिनमधला आराखडा कितीही देखणा असो, तो लाइनवर पोचलेला नसतो. कामगार एमडींना विचारत नाही. तो तुम्हाला विचारतो, तेही मशीन चालू असताना, ‘साहेब, बस किती वाजता?’

म्हणून तुमच्या लाइनवरचे प्रश्न आजच लिहून काढा. बस कुठून, किती वाजता सुटणार. कॅन्टीन कधी उघडणार. शिफ्ट अलाउन्स तोच राहणार का. उशिरा सुटणाऱ्या बायकांना घरापर्यंत गाडी आहे का. ज्यांच्या पोरांची शाळा सकाळची आहे, त्यांना शिफ्ट बदलून मिळेल का. कागद एचआरकडे द्या आणि लेखी उत्तरं मागा. तोवर ‘माहीत नाही, दुपारपर्यंत विचारून सांगतो’ एवढंच म्हणा आणि दुपारी खरंच सांगा. उत्तरं आलीच नाहीत, तर तोच कागद प्लँट हेडच्या सकाळच्या मीटिंगमध्ये ठेवा. युनियनच्या हातात तो आधी पडला, तर पुढची बोलणीही तुम्हालाच खावी लागतील.