ह्याका बुवा कोण?

देवगडच्या मित्राने दोन गोष्टी विचारल्यात. लिंकिन पार्क आणि मेटॅलिका या रॉक बँडची गाजलेली दहा-बारा गाणी पाठ झाली, आता अख्खे अल्बम ऐकायचेत तर सुरुवात कुठून करू? आणि मुंबई-पुण्याच्या फेस्टिव्हलला एवढे पैसे घालून इथून जाण्यात काही अर्थ आहे का? त्यावर एकाने सल्ला दिलाय की आधी 'यस' बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' ऐक, मग बाकीचं बघ. अरे, दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर चार गाणी, मिळून ऐंशी मिनिटं! अल्बम मलाही आवडतो, पण पोहायला शिकणाऱ्या पोराला आपण आधी विहिरीत ढकलतो, थेट समुद्रात नाही.

माझ्या मते लाइव्ह अल्बमपासून सुरू कर. एरवी सगळ्यांच्या याद्यांत ते तळाला असतात. आधी स्टुडिओतलं नीटनेटकं ऐकायचं आणि चव बदलायला मग मैफलीतलं, असा रिवाज. मी कणकवलीजवळ साऊंडचा धंदा करतो. वीस-बावीस वर्षं डबलबारी, दशावतार, लग्नं, गणपती. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना, आणि मंडळाचा मुख्य गायक तो बुवा. तुझा कान कुठे तयार झालाय हे मला न बघता कळतं, कारण माझाही तिथेच झाला: रात्री अकराला मांडवात आईच्या मांडीवर झोपायचं आणि पहाटे पखवाजाच्या दणक्याने दचकून उठायचं. अशा कानाला घासूनपुसून केलेलं साडेतीन मिनिटांचं गाणं आवडतंच, पण हळूहळू रंगत जाणारी गोष्ट जास्त लवकर कळते.

तर पहिला अल्बम डीप पर्पल या बँडचा 'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियो, तीन रात्रींचं रेकॉर्डिंग. दोन तबकड्या आणि गाणी फक्त सात. ऐकताना डबलबारी डोळ्यांसमोर आण. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'च्या मध्यावर रिची ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, इयान गिलन तोच गळ्याने परत करतो. मग त्याहून अवघड, मग आणखी अवघड. एका बुवाने कोडं घालावं आणि दुसऱ्याने ते पुढच्या बारीत फोडावं, तसा मामला. फक्त इथे दोघेही एकाच मंडळातले. आणि ऑर्गन ऐक. आपल्या पेटीवाल्याने पेटीपुढचा माईक बाजूला सारून आवाज गिटारच्या अँपमधून काढला तर काय होईल? बँडच्या जॉन लॉर्डने तेच केलं. हॅमंड ऑर्गन मार्शलच्या अँपला जोडला, म्हणून तो चर्चमधल्यासारखा न वाजता गुरगुरतो. शेवटचं 'स्पेस ट्रकिन' वीस मिनिटांचं आहे, पहिल्या खेपेला ते सोडलंस तरी चालेल.

याच अल्बमवरून गेल्या हिवाळ्यातली एक गजाल सांगतो. एका जत्रेत बारी होती. पहिल्या बुवांचं आटोपलं होतं, दुसरे पेटीवर पट्टी बघत होते, रात्रीचे अडीच वाजले असतील. पखवाजावर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता. तो माझ्या मिक्सरच्या बाजूला येऊन बसला. कोरा चहा शेजारी ठेवलेला, आणि हा पखवाजाच्या डाव्या तोंडावरची वाळलेली कणीक नखाने खरवडून ताजी लावत होता. मी गंमत म्हणून हेडफोन त्याच्या कानावर चढवले आणि 'द म्यूल' लावलं. त्यात इयान पेसचा लांबलचक ड्रम सोलो आहे. पोराचा हात तसाच राहिला, कणीक बोटांवर सुकली, चहावर साय धरायची ती कोऱ्या चहावर धरत नाही म्हणून, नाहीतर तीही धरली असती. सोलो संपल्यावर त्याने विचारलं, "ह्याका बुवा कोण?"

मी म्हटलं, "बुवा नाय रे, एकटोच वाजयता."

"मगे येवढा वाजयता कोणासाठी?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या बारीत त्याने गजराला, म्हणजे अभंगानंतरच्या जलद भागाला, अशी लय चढवली की बुवांनी दोनदा मागे वळून बघितलं. एकदा कौतुकाने, एकदा नाही.

दुसरा अल्बम ऑलमन ब्रदर्स बँडचा 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट', न्यूयॉर्क, मार्च १९७१. इथे ड्रमर दोन आहेत. आपल्याकडे पखवाज आणि तबला जसे एकमेकांची जागा न खाता वाजतात तसे. 'व्हिपिंग पोस्ट' तेवीस मिनिटांचं आहे आणि एक मिनिटही फुकट नाही. ड्वेन ऑलमन बोटात औषधाची काचेची बाटली घालून तारांवरून सरकवायचा, म्हणून ती गिटार माणसासारखी कण्हते. अल्बम आला जुलैत आणि ऑक्टोबरात तो मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय २४. हे माहीत असलं की शेवटची पाच मिनिटं वेगळी ऐकू येतात, निदान मला तरी.

'द हू' बँडचा 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स' नंतर ऐक, तो विद्यापीठाच्या जेवणाच्या हॉलमध्ये वाजवलेला, दणदणीत. आणि घरच्यांनी कटकट केली तर निर्वाणाचा 'अनप्लग्ड'. नोव्हेंबर १९९३ मध्ये एका बैठकीत वाजवलेला. माझ्या आईने एवढा एकच अल्बम मुकाट्याने ऐकून घेतला. बाकी सगळ्यावर तिचा एकच शेरा, "ह्यां काय गिरणीसारख्यां वाजतां?"

हे झालं की तुझ्या लिंकिन पार्ककडे परत जा आणि 'हायब्रिड थिअरी' क्रमाने ऐक. बारा गाणी, अडतीस मिनिटांच्या आत. देवगड-कणकवली एसटीत संपून वर वेळ उरतो. गाणी उलटसुलट करून ऐकू नकोस. अभंगाआधी गजर झाला तर बारीचं जे होतं तेच अल्बमचं होतं.

आता एक अल्बम फक्त पावसासाठी राखून ठेव: ब्लॅक सब्बाथचा पहिला, फेब्रुवारी १९७०. सुरुवातच पाऊस, गडगडाट आणि लांबून येणारी घंटा. आषाढात लाइट गेलेली, कौलांवर धो धो, आणि इन्व्हर्टरवर हा चालू. बाहेरचा पाऊस कुठला आणि अल्बममधला कुठला हे पहिला अर्धा मिनिट कळत नाही. मग गिटार पडते. ती गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीची सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. तो डावखुरा, म्हणजे नेमकी सूर दाबणारी बोटं. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, ती बोटांवर चढवली आणि पुढे तारा सैल केल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त तर तो दीड स्वर खाली उतरला. घसा बसल्यावर बुवा पट्टी उतरवतात, तेच. आज हेवी मेटलचा जो जड आवाज आपण म्हणतो, त्याचं एक मोठं कारण ती दोन बोटं. जुलै २०२५ मध्ये सब्बाथचे चौघे बर्मिंगहॅमला शेवटचे एकत्र वाजले आणि सतरा दिवसांनी त्यांचा गायक ऑझी गेला. त्या रात्री मी हाच अल्बम लावला होता, आणि पाऊस खरोखरच पडत होता.

माझ्याकडे याची कॅसेट होती. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली, तेव्हा मी लालबागला गावच्या मंडळाच्या खोलीवर राहत होतो. गावाला आणली आणि दोन पावसाळ्यांत टेपवर पांढरी बुरशी. पुढे शहाणा झालो, कॅसेटी तांदळाच्या डब्यात ठेवायला लागलो. तांदळाला वास येतो म्हणून घरात झालेलं भांडण हा वेगळा विषय.

भारतातलं काय, असं तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस. इंडियन ओशनचा 'कंदिसा' (२०००) आधी, कारण त्यात तबला आहे आणि तो शोभेला नाही. मग कोचीच्या मदरजेनचा 'मक्तूब' (२००८), त्यातली गिटार कर्नाटकी वळणं घेते. आणि आपल्या शेजारचा म्हणून रेमो फर्नांडिसचा 'गोअन क्रेझी' (१९८४). शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून केलेला, आणि कॅसेटी स्कूटरवरून स्वतः विकलेल्या. गावात राहून काही करता येत नाही असं रडणाऱ्यांना मी हा अल्बम देतो. त्यांना तो आवडतोच असं नाही.

आता फेस्टिव्हल.

जा. पण एकट्या मोठ्या नावासाठी जाऊ नकोस. मी १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनसाठी वांद्रे-कुर्ला संकुलात होतो. जगाच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला घेऊन आलेला. तसं एखाद्या बँडसाठी जीव टाकून जाणं वेगळं. फेस्टिव्हलला दोन दिवसांत तीस-चाळीस बँड असतात आणि खरी मजा दुपारी तीनला, छोट्या स्टेजवर, दोनशे माणसांत असते. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा होतो. पहिल्या वर्षी द स्ट्रोक्स होते, २०२५ ला ग्रीन डे. ते तुला रील्सवर दिसतीलच. दुपारचे बँड दिसणार नाहीत.

माझ्या पिढीला असले मनगटाला बांधायचे पट्टे-बिट्टे नव्हते. धोबीतलावचं रंगभवन होतं, उघड्यावरचं, आणि १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा फेस्टिव्हल. इंडस क्रीड हा बँड, म्हणजे आधीचे रॉक मशीन, हे आमचे बुवा. आसपास रुग्णालयं आणि कॉलेज, म्हणून पुढे तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि २००३ मध्ये तिथला आवाज बंद झाला. साऊंडवाला म्हणून मला नियम पटतो. रंगभवनात भिजलेला म्हणून पटत नाही.

कामाचं सांगतो. उभं राहायचं ते मिक्सरच्या थोडं मागे. आवाज ठरवणारा माणूस तिथे बसून ऐकतो, म्हणजे सगळ्यात बरोबर आवाज तिथेच. पुढे कठड्याला चिकटलास तर बेस छातीत बसेल आणि गाणं डोक्यावरून जाईल. फार मागे गेलास तर आवाज उशिरा पोचतो, शंभर मीटरला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद. त्यासाठी मध्ये वेगळे बॉक्स उभे करून त्यांना तेवढाच उशीर द्यावा लागतो. एका फेस्टिव्हलला तो कुणी दिलाच नव्हता आणि अख्खी संध्याकाळ मी प्रत्येक ठोका दोनदा ऐकला. त्याच ठिकाणी रात्री आठला प्यायचं पाणी संपलं. नाव घेत नाही.

कानात बोळे घाल, फोमचे मिळतात. लाजू नकोस. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभरला पंधरा मिनिटं. मी ऐकलं नाही, आणि आता डाव्या कानात एक रातकिडा कायमचा मुक्कामाला आहे. जत्रेत शोभतो, घरी झोपू देत नाही.

परतीचं मात्र आपल्या सोयीचं आहे. मुंबईत दहाला स्पीकर बंद, आणि दहालाच आपल्याकडे गाऱ्हाणं घालून, नारळ फोडून कार्यक्रम सुरू होतो, हे तिथे उभं असताना पचत नाही. पण त्यामुळे महालक्ष्मीहून लोकलने दादर गाठून बाराची तुतारी एक्सप्रेस मिळते. रिझर्व्हेशन तिकिटाच्या आधी कर, फेस्टिव्हलचं तिकीट एकवेळ मिळेल, तुतारीचं नाही. सकाळी कणकवलीला उतर आणि मला फोन कर. देवगडच्या एसटीला वेळ असतो. मिक्सर आणि दोन बॉक्स घरीच आहेत, 'फिलमोर ईस्ट' नीट आवाजात ऐकवतो. आई आता काही बोलत नाही. तिला हल्ली कमी ऐकू येतं, आणि त्यात माझा हात नाही असं मी सगळ्यांना सांगतो.