रिपोर्टात डावी नस, दुखणं उजवीकडं

"मॅडम, एमआरआयमध्ये गादी सरकली म्हनं. आता ऑपरेशनच का?" लातूरला कंबरदुखीच्या रुग्णांशी बोलताना हा प्रश्न आला नाही असा आठवडा जात नाही.

औसा तालुक्यातले एक शेतकरी, वय चाळिशीच्या पुढं, बायकोसोबत आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) कंबरेला पट्टा, हातात एमआरआयची ती मोठी पिशवी. फवारणीचा पंप पाठीवर घेणं सोडाच, खाली बसायचीही धास्ती. "वाकलो की नस कायमची दबंल," असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का, बैठकीची जागा बधिर झालीय का, पाऊल लुळं पडतंय का, हे मी सगळ्यात आधी विचारते. यातलं एक जरी असेल तर बोलत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ताप, विनाकारण घटलेलं वजन किंवा आधी झालेला कॅन्सर असेल तरी डॉक्टरांना लगेच सांगायचं. त्यांना यातलं काहीच नव्हतं.

रिपोर्टातल्या एका ओळीखाली पेनानं रेघ ओढलेली होती: कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीला फुगवटा, डाव्या नसेला स्पर्श. म्हटलं, "दुखतं तिथं बोट ठेवा, दादा." बोट उजव्या बाजूला गेलं. इतका वेळ गप्प बसलेली बायको म्हणाली, "अवो, डावीकडं तर तुम्हाला कधी दुखलंच न्हाई!"

मग मी त्यांना आकडे सांगितले. कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3110 लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या 37 टक्के आणि पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. पन्नाशीत फुगवटा तर 60 टक्के लोकांना होता. फिल्मवर गादी काळी दिसली म्हणजे ती सडली असं नाही, तिच्यातलं पाणी कमी झालेलं असतं. रिपोर्ट हातात देताना एवढं दोन मिनिटं कुणी बोललं, तर माझ्याकडं येणारी निम्मी माणसं येणारच नाहीत.

तरी निदान करणं माझं काम नव्हे. कागदावर दोन प्रश्न लिहून त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडं परत पाठवलं: माझं दुखणं या रिपोर्टाशी जुळतं का? मी कोणकोणती कामं करू शकतो? डॉक्टरांनी पाय उचलून, बोटांतली ताकद बघून ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं आणि व्यायाम दिले. माझ्याकडं आम्ही भीतीवर काम केलं. आधी बांधापर्यंत चालणं, मग वाकून चप्पल उचलणं, मग अर्धी बादली. पहिल्यांदा वाकताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. "श्वास सोडा," एवढंच म्हणत राहिले.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. सोयाबीनच्या काढणीला मात्र ते शेतात होते. मध्यंतरी फोन आला, "गादी जागेवर बसली का बघायला परत एमआरआय काढू का?" म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं तरच काढा. पायात नवीन मुंग्या किंवा अशक्तपणा नाही ना? "न्हाई," म्हणाले, "पण शेजारचा म्हनतो काढ."