ओठ, चेहरा वारंवार सुजतो; अंगावर पित्त उठत नाही, अ‍ॅलर्जीच्या गोळीने उतरत नाही. अशा सुजेसाठी, म्हणजे अँजिओएडिमासाठी, रक्ताची कोणती तपासणी करावी?

सी४ (रक्तातलं एक प्रथिन) आणि त्यासोबत सी१ इनहिबिटर (अशी सूज आवरणारं रक्तातलं प्रथिन) याच्या दोन्ही तपासण्या करा: प्रमाण किती आहे आणि ते काम किती करतं. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही याच तीन आहेत. निदान पक्कं करायला त्या पुन्हा करायच्या असतात. नुसतं प्रमाण बघून थांबू नका. आनुवंशिक अँजिओएडिमाच्या पहिल्या प्रकारात प्रमाण आणि काम दोन्ही कमी येतं, पण दुसऱ्यात प्रमाण नॉर्मल, कधी जास्तही, आणि प्रथिन मात्र निकामी. असा पेशंट ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून सुटून जाऊ शकतो. सूज चाळिशीनंतर सुरू झाली असेल आणि घरात कोणालाच नसेल, तर सी१क्यू या प्रथिनाचीही तपासणी करा. तेही कमी आलं तर आजार नंतर जडलेला असण्याची शक्यता जास्त. मग रक्तविकारतज्ज्ञांना दाखवाच, कारण मागे लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) असू शकतो. कामाच्या तपासणीचं सॅम्पल नीट गोठवून गेलं नाही तर आकडा खोटाच कमी येतो, हे लॅबला आधी विचारून घ्या.

एक लक्षात ठेवा, सगळं नॉर्मल आलं तरी आनुवंशिक आजार पूर्ण बाद होत नाही. रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांच्या सुजेतही हे रिपोर्ट नॉर्मलच असतात. घसा आवळला किंवा आवाज बदलला तर रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.