उद्योजकतेचा विषय शिकून उमेद खचलेल्या मुलीस

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

उद्योजकतेचा ऐच्छिक विषय घेतल्यापासून धंदा काढण्याची तुझी उमेद वाढण्याऐवजी ओसरली आणि आता पुण्याची नोकरी बरी वाटू लागली, म्हणून तो विषय वाया गेला का, असे तू विचारतेस. मला तसे वाटत नाही. जर्मनीत म्युनिक येथे सक्तीने शिकवलेल्या अशाच विषयाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात उद्योग काढण्याचा विद्यार्थ्यांचा मनोदय थोडा घटलेला दिसला, पण आपला पिंड या कामाचा आहे की नाही, हे पुष्कळांना आधीपेक्षा स्पष्ट कळले होते.

मात्र तुझी उमेद कशाने खचली, ते आधी पाहा. सादरीकरणांचा कंटाळा आला असेल, तर तो धंद्याचा कंटाळा नव्हे. अडकणाऱ्या पैशाचे भय वाटले असेल, तर ते भय खरे आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील माझ्या पहिल्या ऑर्डरीचे कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, लेथवर टर्निंगला लावल्यावर आतले ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेल्या पोकळ्या, उघडे पडले आणि निम्मा माल परत आला. धातू पुन्हा वितळवता आला, पण मजुरी, वाळू आणि वीज गेली ती गेलीच. उरलेल्या मालाचे पैसे पाच महिन्यांनी मिळाले. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत, हे आज वर्गात शिकवतात. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्या दारात कायद्याचे पुस्तक घेऊन कोण जातो?

तुझ्या वडिलांनी खानापुरातील कौलांची भट्टी विझताना पाहिली आहे, त्यामुळे त्यांचा नोकरीचा आग्रह मला भित्रेपणाचा वाटत नाही. शिवाय नोकरी धरली म्हणजे धंदा सुटला, असेही नाही. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले, तेव्हा लक्ष्मणराव मुंबईत शिक्षकाची नोकरी करत होते. ते तिकडून सायकली पाठवत आणि इथे भाऊ त्या विकत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला एवढेच व्याख्यानांतून सांगतात, त्याआधीच्या पगाराचे कोणी बोलत नाही.

पुण्याची मुलाखत चुकवू नकोस. ती होईपर्यंत उद्यमबागेत किंवा जवळच्या मच्छ्याला एखाद्या कारखान्यात महिनाभर काम कर, आणि ऑफिसात न बसता वसुलीला जाणाऱ्या माणसाबरोबर फिर. तुझे कन्नड चांगले आहे, तिथे ते फार उपयोगी पडेल. मला ते तिशी उलटल्यावर कामगारांकडून शिकावे लागले.

रविवारी घरी ये आणि प्रकल्पाची वही आण. तुझ्या नफ्याच्या तक्त्यात उधारीचा रकाना आहे का, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
काका