विजेच्या तारेतला सिग्नल मोजायचा कसा?

(वाचकांचे प्रश्न : घरातील वीज आणि उपकरणे)

प्रश्न : आमचे फोंडा तालुक्यातले घर जुने, जांभ्या चिऱ्यांचे आहे. भिंती इतक्या जाड आहेत की वायफायवर चालणारी बटणे मागच्या खोल्यांत टिकत नाहीत. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या भावाने त्याच्याकडचा ‘एक्स-टेन’ पद्धतीचा संच आणून दिला. त्यात दिवे चालू-बंद करण्याचा संदेश विजेच्या तारेतूनच जातो. दिवसा सर्व व्यवस्थित चालते. तिन्हीसांजेनंतर मात्र बलकांवातला (पुढच्या ओसरीवरचा) दिवा कधी ऐकतो, कधी ऐकत नाही, आणि विहिरीजवळच्या खोलीतला दिवा तर कधीच दाद देत नाही. वायरमनने व्होल्टेज तपासून सर्व ठीक असल्याचे सांगितले. सिग्नल कुठे किती पोहोचतो हे मोजता येते का, आणि तो किती असला म्हणजे पुरेसा समजावा?

उत्तर : आपल्या वायरमनचे म्हणणे खरे आहे, मात्र त्याने मोजली ती वीज, आपल्याला मोजायचा आहे तो तिच्यावर स्वार झालेला सिग्नल. एक्स-टेन ही पद्धत १९७५ साली स्कॉटलंडमधील ग्लेनरोथस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तयार केली. आपल्या घरातील विजेचा दाब सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो. नेमक्या त्या क्षणी तार सर्वांत शांत असते, असे गृहीत धरून प्रक्षेपक, म्हणजे आज्ञा पाठवणारे यंत्र, १२० किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा झटका तारेवर सोडतो. झटका आला आणि लगेच पुढच्या वेळी आला नाही, तर तो ‘एक’. याच्या उलट झाले, तर ‘शून्य’. अशा रीतीने पत्ता आणि आज्ञा मिळून पूर्ण संदेशाला विजेची ४७ आवर्तने लागतात, म्हणजे आपल्याकडील ५० हर्ट्झवर जवळजवळ एक सेकंद. एवढ्या वेळात मध्येच कुठे गोंगाट, म्हणजे तारेवरचे नको असलेले विद्युत तरंग, शिरला, तर आज्ञा वाया जाते आणि ती वाया गेल्याचे प्रक्षेपकाला कळतही नाही.

प्रक्षेपकाच्या सॉकेटवर हा सिग्नल काही व्होल्ट असतो. दिव्याच्या मॉड्यूलला, म्हणजे आज्ञा ऐकून दिवा चालू-बंद करणाऱ्या डबीला, तो ओळखण्यासाठी साधारण १०० मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहावा भाग, पुरतो. वाटेत कितीही घट झाली तरी चालेल असे यावरून वाटते, पण घट व्हायला अंतरापेक्षा वेगळीच कारणे असतात आणि ती बहुधा आपण स्वतःच बाजारातून आणून प्लगमध्ये लावलेली असतात.

टीव्ही, संगणक, यूपीएस, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर यांच्या आत विजेच्या दोन तारांमध्ये एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. उपकरणाचा गोंगाट बाहेर जाऊ नये, हे त्याचे काम. समजा, तो ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झच्या विजेला त्याचा अडथळा सुमारे ३२,००० ओहम वाटतो, त्यामुळे त्यातून जवळपास काहीच वाहत नाही आणि मीटरही फिरत नाही. १२० किलोहर्ट्झच्या सिग्नलला मात्र तोच कपॅसिटर अवघ्या १३ ओहमचा भासतो. अशी पाच-सहा उपकरणे एका खोलीत असली, की सिग्नलच्या दृष्टीने तिथे जवळजवळ शॉर्टसर्किटच झालेले असते. उपकरण त्याच्या स्वतःच्या बटणाने किंवा रिमोटने बंद केले तरी कपॅसिटर बहुधा तारेला जोडलेलाच राहतो, हे विशेष लक्षात ठेवावे. तिन्हीसांजेला आपल्याकडे टीव्ही, दिवे आणि चार्जर एकदम सुरू होतात. बलकांवातला दिवा नेमका त्याच वेळी रुसतो, याचे कारण बहुतेक इथेच सापडेल.

आता मोजमापाकडे वळू. या कामासाठी एक्स-टेनचे खास सिग्नल मीटर मिळतात. ते सॉकेटमध्ये लावले की १२० किलोहर्ट्झच्या आसपासचे व्होल्टेज तेवढे दाखवतात. मात्र अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक मीटर तिथल्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या पुरवठ्यासाठी बनवलेले असतात. ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावल्यास जळतील. मागवण्यापूर्वी मीटरवर छापलेले व्होल्टेज आणि वारंवारता वाचावी. भावाने आणलेल्या संचाची या बाबतीत अडचण नाही, कारण इंग्लंडचा पुरवठाही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचाच आहे. प्लगच्या चपट्या पिना मात्र आपल्या गोल छिद्रांच्या सॉकेटमध्ये कोंबू नयेत. चांगला, घट्ट बसणारा अ‍ॅडॅप्टर घ्यावा, कारण सैल संपर्कातून निघणाऱ्या ठिणग्या हासुद्धा गोंगाटच असतो.

पहिले मोजमाप सिग्नल न पाठवता करावे. घर नेहमीप्रमाणे चालू असताना मीटर काही आकडा दाखवत असेल, तर तो गोंगाट होय. मग घरात कुणीही न वापरलेला एखादा हाऊस कोड (संचाच्या पत्त्यातले अक्षर) निवडून एकाला वारंवार आज्ञा पाठवायला बसवावे आणि दुसऱ्याने मीटर घेऊन फिरावे : आधी प्रक्षेपकाच्या शेजारचे सॉकेट, मग डीबीच्या (विजेच्या मुख्य वितरण पेटीच्या) जवळचे, त्यानंतर प्रत्येक खोली आणि शेवटी विहिरीजवळची खोली. प्रत्येक ठिकाणचे दोन्ही आकडे, गोंगाटाचा आणि सिग्नलचा, वहीत समोरासमोर लिहावेत. हीच फेरी एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी साडेसातच्या सुमारास करावी. केवळ दुपारचे आकडे पाहून काढलेला निष्कर्ष आपल्या बाबतीत निरुपयोगी ठरेल.

आकडे वाचताना एक चूक सर्रास होते. सिग्नल मोठा दिसला की लोक निश्चिंत होतात. प्रत्यक्षात ५०० मिलिव्होल्टचा सिग्नल ३०० मिलिव्होल्टच्या गोंगाटात बुडू शकतो, आणि शांत तारेवर १५० मिलिव्होल्टही वर्षानुवर्षे काम भागवतो. माझ्या मते मॉड्यूलपाशी निदान ३०० मिलिव्होल्ट मिळावेत आणि गोंगाट त्याच्या दहाव्या भागाहून अधिक नसावा. तेवढी ऐसपैस जागा ठेवली, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीभोवती दिव्यांच्या स्वस्त, लुकलुकणाऱ्या माळा लावल्या तरी कारभार कोलमडत नाही. संध्याकाळी सिग्नलच घटला असेल, तर कुठलेतरी उपकरण तो शोषून घेत आहे. सिग्नल तेवढाच राहून गोंगाट वाढला असेल, तर कुठलेतरी उपकरण ओरडत आहे. पहिल्या प्रकारात सिग्नलवर्धक उपयोगी पडू शकतो. दुसऱ्या प्रकारात, गोंगाटाचे मूळ शोधण्यापूर्वी वर्धक आणणे म्हणजे रोग एक आणि औषध भलतेच.

गुन्हेगार शोधण्याची सोय आपल्याकडे आयतीच आहे. आपल्या बहुतेक सॉकेटना भिंतीवर वेगळा स्विच असतो आणि तो बंद केला की फेज तुटते, म्हणजे आतला कपॅसिटरही सुटतो. अमेरिकेतल्या गृहस्थाला यासाठी वाकून एकेक प्लग उपटावा लागतो. मीटर बलकांवाच्या सॉकेटवर ठेवावा, सिग्नल चालू ठेवावा, आणि घरातल्याने एकेक स्विच बंद करत जावे. ज्या स्विचपाशी आकडा एकदम उसळी घेईल, तिथले उपकरण दोषी. प्रक्षेपकाच्या अगदी जवळचे उपकरण अधिक त्रास देते, हेही त्या वेळी दिसून येईल. तारेच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सिग्नलला थोडा अडथळा होतो. त्यामुळे वीस मीटर लांबचा टीव्ही जवळच्या टीव्हीएवढा सिग्नल ओढू शकत नाही. म्हणूनच कधीकधी काही विकत न आणता केवळ प्रक्षेपक दुसऱ्या खोलीत हलवल्याने काम होते. दोषी उपकरणासाठी प्लगमध्ये लावायचा फिल्टर मिळतो. तो उपकरणाच्या अँपिअरला पुरेसा असावा. पाच अँपिअरचा फिल्टर वातानुकूलन यंत्राला लावू नये.

विहिरीजवळच्या खोलीची गोष्ट वेगळी दिसते. आपल्याकडे थ्री फेज जोडणी असेल आणि ती खोली दुसऱ्या फेजवर असेल, तर सिग्नलला गावातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परतावे लागते आणि परतताना त्यात काही उरत नाही. प्रक्षेपक त्याच खोलीत नेऊन लावावा. दिवा लगेच ऐकू लागला, तर मॉड्यूल निर्दोष आहे. वायरमनकडून डीबीतले फेज ओळखून घ्यावेत. शक्य असेल तर ती खोली प्रक्षेपकाच्या फेजवर आणावी. नसेल, तर डीबीमध्ये फेज कपलर, म्हणजे एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्या फेजवर नेणारा जोड, बसवून घ्यावा. कपलर म्हणजे एक कपॅसिटरच तर असतो, असे म्हणून दुकानातला २७५ व्होल्टचा कपॅसिटर दोन फेजमध्ये जोडणारे महाभाग आढळतात. दोन फेजमधला दाब ४०० व्होल्टच्या घरात असतो; तो कपॅसिटर तिथे टिकणार नाही आणि फुटताना आगही लागू शकते. त्या व्होल्टेजसाठीच बनवलेला कपलर घ्यावा आणि तो परवानाधारक माणसाकडूनच लावून घ्यावा.

प्रश्न : माझ्याकडे चांगला डिजिटल मल्टिमीटर आहे आणि मुलाच्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी घेतलेला ऑसिलोस्कोपही आहे. वेगळा सिग्नल मीटर घेण्याची गरज आहे का? (म्हापसा)

उत्तर : मल्टिमीटर या कामाचा नाही. त्याचा एसी विभाग ५० हर्ट्झच्या आसपासच्या स्थिर विजेसाठी बनवलेला असतो. त्यावर २३०चा आकडा दिसेल आणि एक मिलिसेकंदाचा, व्होल्टच्या अंशाएवढा झटका त्यात कुठे हरवला ते कळणारही नाही.

ऑसिलोस्कोप हे विजेच्या तरंगाचा आकार पडद्यावर दाखवणारे यंत्र. त्यावर सिग्नल दिसतो आणि उत्तम दिसतो, मात्र प्रोब थेट सॉकेटमध्ये घालण्याचा विचार मनातून काढून टाकावा. साध्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती चुकून फेजला लागली, तर सरळ शॉर्टसर्किट होते. यावर उपाय म्हणून ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थिंगची पीन काढून टाकणारे लोक आहेत. तसे केल्यास यंत्राचा संपूर्ण धातूचा भाग २३० व्होल्टवर येऊ शकतो आणि त्याला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. हे मोजमाप करायचेच असेल, तर ५० हर्ट्झ रोखून उच्च वारंवारता तेवढी पुढे सोडणारा, ट्रान्सफॉर्मरने विलग केलेला कपलर मध्ये हवा, किंवा विजेच्या मुख्य लाइनसाठी बनवलेला डिफरेन्शियल प्रोब हवा. दोन्ही गोष्टी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असू शकतात, आणि तिथल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलाने हा प्रयोग करावा.

तो केल्यास पडद्यावर एक मजेशीर गोष्ट दिसेल. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात झटका एकदा नव्हे, तर ३.३३ मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा येतो. तिन्ही फेजचे शून्यबिंदू पाळण्यासाठी ही योजना आहे. मीटर जे एका आकड्यात सांगतो, ते ऑसिलोस्कोप आकारात दाखवतो : स्वस्त एलईडी ड्रायव्हरचा गोंगाट नेमका शून्यबिंदूवर येतो की त्यापासून दूर, हे पाहता येते. दूर असेल, तर मीटरवर तो मोठा दिसूनही मॉड्यूलला फारसा त्रास देत नाही. घरगुती कामासाठी मात्र एवढ्या खोलात जाण्याची आवश्यकता नाही, मीटरच घ्यावा.

प्रश्न : मडगावच्या फ्लॅटमध्ये मी विजेच्या तारेतून इंटरनेट नेणारे होमप्लग अ‍ॅडॅप्टर लावले आहेत. त्यांच्या अ‍ॅपमध्ये मिलिव्होल्ट कुठेच दिसत नाहीत, फक्त ‘एमबीपीएस’ (सेकंदाला किती मेगाबिट) दिसते. हीच सिग्नलची ताकद समजायची का? शेजाऱ्यांना माझा सिग्नल पकडता येईल का?

उत्तर : ती ताकद नव्हे, तिचा परिणाम आहे. हे अ‍ॅडॅप्टर सुमारे २ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या शेकडो वारंवारता एकाच वेळी वापरतात. जिथे गोंगाट कमी, तिथे अधिक माहिती पाठवायची आणि जिथे जास्त, तिथे ती वारंवारता सोडून द्यायची, असे मोजमाप ते स्वतःच सतत करत असतात. अ‍ॅपमधला आकडा हा त्या हिशेबातून निघालेला जोडणीचा वेग असतो. प्रत्यक्ष फाइल उतरवताना त्याच्या निम्माही वेग मिळेलच असे नाही. तरी तुलनेसाठी तो आकडा फार कामाचा आहे. अ‍ॅडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डवरून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावा आणि फरक पाहावा. सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड हा सिग्नल हमखास खातो.

शेजाऱ्यांबाबतची शंका रास्त आहे. तार आपल्या दारापाशी संपत नाही, आणि विजेच्या मीटरच्या पलीकडेही थोडा सिग्नल पोहोचू शकतो. अ‍ॅडॅप्टरमध्ये १२८ बिटांचे एन्क्रिप्शन असते, परंतु कारखान्यातून येताना अनेक अ‍ॅडॅप्टरांचा पासवर्ड एकच असतो. दोन्ही अ‍ॅडॅप्टरांवरील ‘पेअर’ बटण दाबून नवी जोडणी करावी, म्हणजे आपला वेगळा पासवर्ड तयार होतो. याच घरात कुणी एक्स-टेनही वापरत असेल, तर वारंवारता वेगळ्या असल्यामुळे दोन्हींची टक्कर होत नाही. मात्र अ‍ॅडॅप्टरच्या आतला कपॅसिटर एक्स-टेनचा सिग्नल शोषू शकतो, हे वर आलेच आहे.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते. इन्व्हर्टरवर असताना एक्स-टेनचे दिवे ऐकत नाहीत. काय करावे? (वाळपई)

उत्तर : आधी प्रक्षेपक आणि दिवे दोन्ही इन्व्हर्टरच्याच लाइनवर आहेत का, हे पाहावे. एक आत आणि एक बाहेर असेल, तर वीज गेल्यावर त्यांच्यामधला दुवाच तुटतो. दोन्ही आत असूनही अडचण येत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असण्याची शक्यता आहे. त्याचा दाब शून्यावरून एकदम उडी घेतो किंवा शून्यावरच रेंगाळतो, आणि एक्स-टेनचे सगळे गणित शून्य ओलांडण्याच्या क्षणावर बेतलेले असल्यामुळे ते बिघडते. नेहमीच्या विजेसारखा सलग तरंग देणाऱ्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ही तक्रार बरीच कमी होते. तोवर त्या दिव्यांना भिंतीवरचे साधे स्विच ठेवावेत.