सहा महिन्यांचे इंजेक्शन आणि रोजची एक गोळी

जुलै २०२५ मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे एचआयव्हीवर काम करणाऱ्या संशोधकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे मांडल्या गेलेल्या गोष्टींविषयी या सदरात लिहिल्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. बहुतेकांवर नाव नव्हते, आणि त्यामागची भीती मला समजते. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : वर्षातून दोनदा इंजेक्शन घेतले की एचआयव्ही होत नाही, असे वाचले. ही लस आहे का? मग चाचणीची गरज उरते का? (एक तरुण वाचक, इचलकरंजी)

ही लस नव्हे. लस शरीराला विषाणूशी लढायला शिकवते. या इंजेक्शनातले लेनाकापाविर हे मात्र प्रत्यक्ष औषध आहे. पोटाच्या त्वचेखाली टोचल्यावर त्याचा साठा तिथे राहतो, सहा महिने थोडा थोडा रक्तात उतरतो आणि विषाणूच्या प्रथिनांच्या कवचाचे काम बिघडवतो. साठा संपला की संरक्षणही संपते. सुरुवातीच्या दोन दिवशी याच औषधाच्या गोळ्याही घ्याव्या लागतात.

दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील तरुण मुली व स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. इतक्या वर्षांत एचआयव्हीवरील अनेक आशा उगवताना आणि मावळताना मी पाहिल्या आहेत. हा आकडा वाचून मी तो पुन्हा एकदा तपासून पाहिला होता. जून २०२५ मध्ये अमेरिकेत या वापराला मान्यता मिळाली आणि किगालीच्या परिषदेत जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरच्या वर ठेवली गेली. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी स्वस्त औषध बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले असून त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज व हेटेरो आणि आपल्या पुण्याची एमक्योर आहे. २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये ते देण्याची घोषणाही झाली आहे.

चाचणीची गरज मात्र उलट वाढते. शरीरात विषाणू आधीच असेल आणि हे एकटेच औषध दिले, तर विषाणू त्याला सरावतो आणि मग उपचार अवघड होतो. म्हणून प्रत्येक इंजेक्शनाआधी चाचणी करावीच लागते. तुम्हाला आज संरक्षण हवे असेल, तर इंजेक्शनाची वाट पाहत थांबू नका. प्रतिबंधासाठी रोज घ्यायची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते, कंडोम आहेच, आणि चाचणी सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते.

प्रश्न : लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्या पतींना एचआयव्ही असल्याचे कळले. माझी चाचणी निगेटिव्ह आहे. ते चार वर्षे नेमाने गोळी घेतात आणि व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाच्या, कागदावर विषाणू आढळला नाही असे लिहून येते. सासूबाई नातवंडासाठी आग्रह धरतात; त्यांना यातले काहीच माहीत नाही. आम्ही मूल होऊ द्यावे का? (एक भगिनी, कागल तालुका)

ताई, तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'नेमाने' हा आहे. नियमित औषधाने रक्तातील विषाणू इतका कमी होतो की चाचणीत तो दिसत नाही, आणि अशा व्यक्तीकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. यामागे भक्कम पुरावा आहे. २०११ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १,७६३ जोडपी होती, आणि लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यानंतर युरोपात 'पार्टनर' या अभ्यासात एका जोडीदाराला संसर्ग असलेल्या ८८८ जोडप्यांची माहिती तपासली गेली. त्यांच्यात कंडोमविना सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले होते, तरी उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकही संसर्ग झालेला आढळला नाही.

तेव्हा मूल होऊ देण्याचा विचार तुम्ही निर्धास्तपणे करू शकता, पण एआरटी केंद्रातील, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रातील, डॉक्टरांना आधी सांगून. पतींचा व्हायरल लोडचा अहवाल ताजा हवा, मधे गोळ्या चुकलेल्या नसाव्यात, आणि तुमची स्वतःची चाचणी आधी व गरोदरपणात ठरल्या वेळी व्हायला हवी. बाळाला एचआयव्ही होतो तो आईकडून, वडिलांकडून थेट नाही. तुम्ही निगेटिव्ह राहिलात की बाळाला धोका नाही. (आई स्वतः संसर्गित असली तरीही वेळेवर उपचार घेतल्यास बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. मात्र अंगावरच्या दुधाबाबत 'शून्य धोका' असे म्हणता येत नाही, म्हणून तिथे डॉक्टरांचा सल्ला वेगळा घ्यावा लागतो.)

सासूबाईंना सांगायचे की नाही, हा निर्णय पूर्णपणे तुम्हा दोघांचा आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि तो संसर्गाची माहिती गोपनीय ठेवण्याचा अधिकार देतो. नातवंडाच्या बोलण्याने तुमच्यावर येणारे दडपण मला पत्रातून जाणवले. केंद्रातील समुपदेशकांशी दोघांनी एकत्र बसून बोला. हे बोलणे त्यांच्या कामाचाच भाग आहे.

प्रश्न : माझ्या भावाला एका गृहस्थांनी तीन महिन्यांत एचआयव्ही मुळासकट घालवणारी जडीबुटी दिली आहे. त्याने सरकारी गोळ्या बंद केल्या. त्याला बरे वाटते आहे. (आजरा)

आजच त्याला गोळ्या पुन्हा सुरू करण्यासाठी केंद्रात घेऊन जा. त्याला आज बरे वाटते ते आजवर घेतलेल्या गोळ्यांमुळे. विषाणूचा काही भाग पेशींमध्ये निद्रिस्त अवस्थेत दडून राहतो, तिथवर आजचे कोणतेही औषध पोचत नाही. म्हणूनच गोळी थांबली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो रक्तात परत दिसू लागतो. जगात पूर्ण बरे झालेले रुग्ण अगदी मोजके आहेत. त्यांतील पहिले टिमोथी रे ब्राऊन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावे लागले होते, आणि दात्याच्या पेशींत विषाणूला रोखणारे एक दुर्मीळ जनुकीय वैशिष्ट्य होते. जिवावर बेतणारा तो उपचार इतरांना सरसकट देता येत नाही. एड्स बरा करण्याचा दावा करून औषध विकण्याला आपल्या औषधविषयक नियमांतही मनाई आहे. भावाला रागावू नका. रोज गोळी घेण्याचा कंटाळा, ती कोणी पाहील ही धास्ती, यांतूनच माणूस अशा आश्वासनाकडे ओढला जातो. आणि जडीबुटीची पुडी केंद्रातील डॉक्टरांना जरूर दाखवा.

प्रश्न : आमच्या गावालगत ऊसतोड मजुरांच्या खोपी आहेत. त्यांतील एका बाईने विश्वासाने सांगितले की तिच्या एचआयव्हीच्या गोळ्या आठ दिवसांत संपतील आणि तिचे केंद्र बीड जिल्ह्यात आहे. गेले तर मजुरी बुडते. काय करावे? (एक शिक्षिका, शिरोळ तालुका)

बाई, तुम्ही आठ दिवस आधी लिहिलेत हे फार चांगले झाले. त्यांना बीडला जाण्याची गरज नाही. एआरटी केंद्राने दिलेले हिरवे पुस्तक घेऊन त्यांनी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातील केंद्रात जावे. प्रवासात किंवा कामासाठी परगावी असलेल्यांना, मूळ केंद्राशी बोलून, तात्पुरती औषधे देण्याची सोय असते. १०९७ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावरूनही मार्गदर्शन मिळते.

दर दोन महिन्यांनी घ्यायची उपचाराची दोन इंजेक्शने, काबोटेग्राविर आणि रिलपिविरिन, यांचीही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये केली. गोळ्यांवर विषाणू आटोक्यात आलेल्या व्यक्तींसाठी ती एक पर्याय आहेत. हंगामाबरोबर गाव बदलणाऱ्यांना ती सोयीची वाटतील. पण तारीख चुकली तर तिथेही अडचण होते, म्हणून जिथे माणूस असेल तिथे औषध मिळण्याची व्यवस्था मला या इंजेक्शनांइतकीच महत्त्वाची वाटते.

मुकादमाकडे सुट्टी मागताना कारण सांगण्याची गरज नाही, आणि तुम्हीही ते कोणाला सांगू नये. पुस्तक गावीच राहिले असेल, तर घरच्या विश्वासातल्या माणसाकडून त्यावरील नोंदणी क्रमांकाच्या आणि शेवटच्या औषधनोंदीच्या पानाचा फोटो मोबाइलवर मागवून घ्यावा, आणि गोळ्यांची रिकामी होत आलेली बाटली बरोबर न्यावी.